वरच्या निशाणाची जागा

माझ्या घरी टीव्हीच्या शेजारी काचेच्या पेटीत एक स्पॅनिश जहाज आहे. लांबीला माझ्या हाताएवढं. तीन डोलकाठ्या, गुंडाळून बांधलेली शिडं, दोन्ही अंगांनी बाहेर डोकावणाऱ्या तोफा. पेटीच्या बुडाशी पितळी पट्टी आहे. तिच्यावर जहाजाचं नाव कोरलंय, कुठल्याशा संताचं, आणि त्याखाली बनवणाऱ्याचं. बनवणारा मी नाही. ते माझ्या जुन्या साहेबांनी बनवलं. ते आता पुण्याला राहतात आणि जहाज परत मागतात. मी देत नाही.

हे ऐकून ओळखीच्या लोकांना नवल वाटतं, कारण मी तसा माणूस नाही. ऑफिसचं पेनसुद्धा चुकून खिशात आलं तर दुसऱ्या दिवशी परत नेतो. केलेले उपकार मी विसरत नाही. वाईजवळच्या एका गावात, मराठी शाळेत शिकलो. घरातला पहिला पदवीधर. शाळा सुटल्यावर मला थांबवून इंग्रजीचे धडे मोठ्याने वाचून घेणाऱ्या बाई होत्या. त्यांना मी दर गुरुपौर्णिमेला न चुकता फोन करतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, दूध संघाच्या टेम्पोवर कॅन चढवा-उतरवायचं काम करायचे. माझं कॉलेज त्यांच्या खांद्यावर झालं, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. त्यांच्या उजव्या खांद्यावर कॅनच्या कडेचा घट्टा अजून आहे. ज्याच्या एवढं सगळं लक्षात राहतं, त्याच्या बाकीचंही लक्षात राहतंच.

नोकरीसाठी आलो तो थेट आखातात, फुजैराच्या बंदरात. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना भाजी, मांस, पिण्याचं पाणी, दोर, रंग असं लागेल ते पोचवणारी आमची कंपनी होती. साहेब मराठी आहेत म्हटल्यावर मला केवढा आनंद झाला होता. मुंबईचे, इंग्रजी शाळेतले, गल्फमध्ये मुरलेले. पहिल्याच आठवड्यात मी एका जहाजाच्या कप्तानाला ईमेल लिहिला आणि पाठवण्याआधी त्यांना दाखवला. त्यांनी तो सगळ्या ऑफिसला मोठ्याने वाचून दाखवला.

"बघा रे," ते म्हणाले, "ह्याचं इंग्रजी अजून धोतर नेसतं."

आमचा मल्याळी स्टोअरकीपर म्हणाला, "धोतर क्या है, सर?"

साहेबांनी उठून, पँटवरूनच काष्टा घातल्याचा अभिनय करून त्याला समजावलं. मग सगळे पुन्हा एकदा हसले. मीही हसलो. नवा होतो.

कामाचं शिक्षण त्यांनीच दिलं, हे मी नाकारणार नाही. कुठल्या जहाजाला काय लागेल, कप्तान चिडला तर त्याच्याशी कसं बोलायचं, लाँच वेळेवर सुटावी म्हणून बंदरात कुणाला सकाळीच चहा पाजायचा, हे सगळं. त्या बदल्यात रोज एखादा टोमणा. तोही मी फीसारखा समजून सोसला.

शुक्रवारी अर्धा दिवस झाला की अधूनमधून ते आम्हाला घरी बोलवायचे. त्यांच्या हॉलमध्ये हे जहाज होतं. जुन्या शिडाच्या जहाजांचा त्यांना नाद होता. ह्या जहाजाची एकेक फळी त्यांनी स्वतः तासून बसवली होती, एकेक दोरी चिमट्याने ओवली होती. किती वर्षं, ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. कप हातात घेऊन ते पेटीपाशी उभे राहायचे आणि बोलायला लागायचे. तेव्हा ते खरोखर सुंदर बोलायचे.

"शत्रूचं जहाज बुडवणं सोपं असतं," ते म्हणायचे. "बुडवायचं नाही, पकडायचं. पकडून आणलेल्या जहाजाला म्हणतात प्राईज. त्याची किंमत मग कप्तानापासून खलाशापर्यंत सगळ्यांत वाटायची. स्पॅनिश लोक जहाजं बांधायचे एक नंबर. तिकडे क्यूबात, हवानाच्या गोदीत, टणक लाकडाची. इंग्रजांना तशी जमत नव्हती. मग काय? ढापा!"

"आणि नाव बदलून टाकायचं," कुणीतरी म्हणायचं.

"छे! तिथेच तर गंमत आहे. पुष्कळदा नाव तसंच ठेवायचे. संताचं नाव, स्पॅनिश नाव, सगळं तसंच. अरे, नाव बदललं तर हरवलं कुणाला ते जगाला कळणार कसं?"

मग ते मागच्या टोकाकडे बोट दाखवायचे. तिथल्या बारीक काठीवर स्पेनचं लाल-पिवळं-लाल निशाण होतं. पण ते काठीच्या मध्यावर बांधलेलं होतं. वरची अर्धी दोरी रिकामी.

"हे मी मुद्दाम ठेवलंय. जहाज पकडलं की हरलेल्याचं निशाण काढून टाकत नाहीत. त्याच दोरीवर, खाली ठेवतात. आणि जिंकणाऱ्याचं वर. लांबून बघणाऱ्याला न विचारता कळतं. आता वरची जागा रिकामी का? तर मला अजून ठरवता येत नाही, हे कुणी जिंकलं ते."

मला ते फार आवडलं होतं. आमच्या गावापासून जवळच नदीच्या घाटावरच्या देवळात एक मोठी घंटा आहे. मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधून ती आणली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यावरचा क्रूस कुणी घासून काढलेला नाही. शाळेच्या सहलीत मी विचारलं होतं, देवळात क्रूस कसा? गुरुजी म्हणाले होते, असू दे, त्याच्यामुळेच कळतं कुठून आणली ते. साहेबांना मी हे सांगितलं. "अरे, वा," ते म्हणाले, "धोतरात बरंच काही बांधून आणलंयस की."

बंदराजवळ खलाशांसाठी एक क्लब होता. जहाजावरचे लोक वाचून झालेली पुस्तकं तिथे टाकून जात. दमट हवेने फुगलेली, कव्हर गेलेली, जुन्या समुद्री लढायांच्या कादंबऱ्यांची एक रांगच होती. मी त्या आणून वाचायला लागलो. आधी डिक्शनरी शेजारी घेऊन, मग नुसत्याच. माझं इंग्रजी त्या पुस्तकांनी सुधारलं. बहुतेक कादंबऱ्यांत एक गरीब, कमी शिकलेला तरुण अधिकारी असायचा. त्याच्या हाताखाली मोजकी माणसं देऊन त्याला पकडलेल्या स्पॅनिश जहाजावर पाठवायचे. हरलेले खलाशी जहाजाच्या तळाशी कोंडलेले, वर यायच्या दारावर पहारा, आणि हा मुलगा ते परकं जहाज बंदरापर्यंत नेतो. मला तो मुलगा ओळखीचा वाटायचा.

इतिहासातली एक खरी हकिकतही तिथेच वाचली. एका लढाईत पकडलेल्या मोठ्या स्पॅनिश जहाजाच्या डेकवर हरलेले अधिकारी एकेक करून आपल्या तलवारी देत होते. जिंकणारा कप्तान त्या घेऊन शेजारी उभ्या असलेल्या एका साध्या खलाशाकडे देत होता. आणि तो खलाशी त्या सरदारांच्या तलवारी, जळणासाठी फाटे गोळा करावेत तशा, शांतपणे काखेत मारत होता. त्या काखेवर मी कितीतरी वेळ थांबलो होतो.

मग अण्णा आले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, व्हिजिट व्हिसावर. येताना माझ्या लहान पोरीसाठी पेढे आणि माझ्यासाठी तिळाची चटणी. त्याच शुक्रवारी साहेबांकडे सगळ्यांचं जेवण होतं. मी अण्णांना नवीन शर्ट घालायला लावून घेऊन गेलो.

"सर, हे माझे वडील."

"अरे वा, नमस्कार, नमस्कार." एका हातात फोन होता, त्यामुळे नमस्कार दुसऱ्या हाताचा.

थोड्या वेळाने साहेबांच्या लक्षात आलं की पाण्याच्या बाटल्यांची खोकी खाली गाडीतच राहिली. हॉलमध्ये आम्ही तरुण दहाजण तरी होतो. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. अण्णा दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते.

"काका, जरा तेवढी खोकी गाडीतून आणता?"

मी उठेपर्यंत अण्णा उठलेसुद्धा. मी त्यांच्यामागे धावलो, पण लिफ्टचं दार बंद झालं होतं. दुसऱ्या लिफ्टने मी खाली पोचलो तर ते एकेका खांद्यावर एकेक खोकं घेऊन समोरून येत होते. "सोड रं," ते म्हणाले, "हलकी हायती." दोघं वर आलो. ते पुढे, खोकी घेऊन. मी मागे, रिकाम्या हाताने. ते दृश्य सगळ्यांनी पाहिलं.

साहेब टाळी वाजवून म्हणाले, "क्या बात है! सवयीचा माणूस तो सवयीचा माणूस. आमच्या जहाजावर असते ना काका, तर प्राईजमधला वाटा द्यावा लागला असता. हमालाचा!"

सगळे हसले. साहेब माझ्याकडे बघत होते. अण्णाही हसले, खोकी खाली ठेवली, आणि नव्या शर्टाच्या बाहीने मान पुसली.

घरी जाताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "घर मोठं हाय त्यांचं." मला वाटलं, त्यांच्या लक्षात आलं नाही. मी देवाचे आभार मानले. पण माझ्या लक्षात आलं होतं.

त्यानंतर मी त्याच कादंबऱ्या पुन्हा काढल्या. आता मी गोष्ट वाचत नव्हतो, जहाज कसं पकडतात ते वाचत होतो. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. जे जहाज वाऱ्याच्या वरच्या अंगाला असतं, ते लढाई केव्हा सुरू करायची ते ठरवतं. तिथे पोचायला वेळ लागतो. आरडाओरडा करायचा नाही. मी आरडाओरडा केला नाही. काम केलं. कप्तान लोक फोन करून माझ्याशीच बोलायचंय म्हणू लागले. साहेबांचे टोमणे चालू होते, मी "येस सर" म्हणत होतो. हॉलमधल्या त्या जहाजासमोर उभं राहून त्यांचं भाषण पुन्हा पुन्हा ऐकत होतो, आणि दर वेळी माझी नजर त्या रिकाम्या दोरीवर जात होती.

वारा फिरला तो असा. आमच्या मालकाने कंपनी दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका मोठ्या कंपनीला विकली. तिकडचे दोघं जण फुजैराला आले आणि एकेकाला आत बोलावून बोलले. मला त्यांनी विचारलं, "तुझे साहेब नसले तर इथलं काम अडेल का?"

मी "अडेल" म्हणू शकलो असतो. त्यांचा कल "अडेल" ऐकण्याकडेच होता, नवीन माणूस आणण्याचा त्रास त्यांनाही नको होता. माझ्या डोळ्यांसमोर अण्णांची बाही आली.

"नाही सर," मी म्हणालो, "नाही अडणार."

ते खरंही होतं. नंतर काम एक दिवस अडलं नाही. मला त्या उत्तराचं कधी वाईट वाटलेलं नाही, आजही वाटत नाही.

साहेबांना जावं लागलं. व्हिसा संपत आला, सामान बांधून झालं, जागा सोडायची वेळ आली. जहाज विमानातून नेण्यासारखं नव्हतं. प्लायवूडचं खोकं ठोकून, आत फोम भरून, त्यांनी ते स्वतः बांधलं. मला फोन केला.

"तू आता जबल अलीचा माणूस. एखाद्या कंटेनरमध्ये कोपरा मिळेलच की. न्हावाशेवापर्यंत पोचव, पुढचं मी बघतो. करशील ना?"

"इन्शाल्ला, सर."

ते हसले. गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला ह्या उत्तराचे किती अर्थ असतात ते सांगावं लागत नाही.

निघायच्या दिवशी निरोप द्यायला जुनं ऑफिस सगळं त्यांच्याकडे जमलं होतं. तीच माणसं, तोच हॉल, फक्त रिकामा. मधोमध ते खोकं. स्टोअरकीपर उचलायला पुढे झाला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं, आणि गाडीची किल्ली हातात खेळवत म्हणालो,

"सर, जरा तेवढं खोकं गाडीपर्यंत आणता?"

कुणी हसलं नाही. मीही नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवलं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळेना. दोन्ही हात खाली घालून त्यांनी खोकं उचललं. जड नव्हतं, पण अडचणीचं होतं. हनुवटी वर टेकवून, पाय चाचपडत ते लिफ्टपर्यंत गेले, मग पार्किंगमधून, उन्हातून, माझ्या गाडीपर्यंत. मी शेजारून चालत होतो, रिकाम्या हाताने. गाडीचं मागचं दार मात्र मी उघडून धरलं.

"जपून ने रे," ते म्हणाले. मान घामाने भिजली होती. त्यांनी ती बाहीने पुसली.

तेव्हा अण्णा गावी होते. त्यांनी हे पाहायला हवं होतं, एवढीच माझी खंत.

माझी बदली झाली, आम्ही जबल अलीच्या बाजूला राहायला आलो. मी खोकं उघडलं आणि जहाज टीव्हीशेजारी ठेवलं. दर महिन्याला माझ्या हातून कंटेनर मुंबईला जातात. त्यातल्या एकातही कोपरा रिकामा नसतो. साहेबांचा फोन येतो.

"काय रे, आमच्या कन्साइनमेंटचं काय?"

"इन्शाल्ला, सर."

बायको म्हणते, "अहो, देऊन टाका ना. म्हातारा माणूस किती वेळा फोन करतो. आणि धूळ पुसायची मी."

पोरगी एकदा हेडफोन काढून म्हणाली, "बाबा, धिस इज लिटरली स्टीलिंग."

"स्टीलिंग नाही बेटा. प्राईज."

"देअर इज नो वॉर, बाबा."

"आहे," मी म्हणालो.

गेल्या हिवाळ्यात अण्णा पुन्हा आले. आता थोडे वाकलेत. आल्या आल्या जहाजापुढे उभे राहिले.

"हे त्या साहेबाचं न्हवं?"

"हो. ते गेले पुण्याला."

"पाण्याची खोकी लई जड व्हती त्याची."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "अण्णा, तुम्हीच म्हणाला होता, हलकी हायती."

"तुला म्हणालो व्हतो. वर जाऊस्तवर पाठीत चमक भरली व्हती." ते सोफ्यावर बसले. "हमाल म्हणाला त्यो मला. म्हणू दे की. व्हतोच मी हमाल. पर त्यो तुझ्याकडं बघून म्हणाला. माझ्याकडं बघून म्हणाला असता तर मला काय बी वाटलं नसतं."

म्हणजे त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं. मला कळू नये म्हणून ते इतकी वर्षं गप्प होते, आणि मी त्यांना कळलं नाही म्हणून देवाचे आभार मानत होतो.

"त्याचं त्याला देऊन टाक," अण्णा म्हणाले.

"बघतो."

"बघतो न्हवं. कवा देतूस?"

"इन्शाल्ला."

अण्णांना आता इकडची भाषा कळते. ते हसले. "म्हंजी न्हाईच."

ते गावी गेले तेव्हा त्यांचा पंचा आमच्या बाल्कनीतल्या दोरीवर राहिला. टेम्पोवर असताना खांद्यावर टाकायचे तसलाच, पांढरा, लाल काठाचा, धुऊन धुऊन पातळ झालेला. मी त्याचा काठाकडचा एक तुकडा कापला. बायकोने शिवून द्यायला साफ नकार दिला, म्हणून मीच सुईदोऱ्याने त्याच्या कडा दुमडल्या. काचेची पेटी उघडली. पोरीचा चिमटा घेऊन तो तुकडा त्या बारीक दोरीवर बांधला, स्पॅनिश निशाणाच्या वर, जिथे जागा रिकामी होती. बरोबर बसला. जणू जागा त्याच मापाने सोडली होती.

फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. खाली काही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती. हा फोटो वाचता येणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि मला वाचायला त्यानेच शिकवलं.

फोटो पाहिल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला, मी ऑफिसच्या बसमध्ये असताना.

"क्रम बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"हो सर."

"वरचं कापड कसलं आहे?"

"अण्णांचा पंचा आहे, सर. माझ्या वडिलांचा."

त्यांच्याकडचा कुकर वाजलेला मला ऐकू आला.

"पाण्याची खोकी," ते म्हणाले.

"हो सर."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठीच, सर."

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे जहाज येत नाही?"

आजवर ह्या प्रश्नाला मी एकच उत्तर दिलं होतं. त्या दिवशी ते दिलं नाही.

"नाही सर," मी म्हणालो. "येणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. नंतर आला नाही. कादंबऱ्यांत जिंकलेला कप्तान हरलेल्याची तलवार दोन्ही हातांवर घेऊन त्याला आदराने परत देतो. मला ती पानं कधीच पटली नाहीत. मला तो तलवारी काखेत मारणारा खलाशी पटतो.

घरी कुणी आलं की हमखास विचारतं, "काय सुंदर काम आहे! कुणी केलं?" मी पितळी पट्टी दाखवतो. तिच्यावरचं नाव मी घासून काढलेलं नाही, काढणारही नाही. उलट दर शुक्रवारी ब्रासो लावून चकचकीत ठेवतो, लांबून वाचता यावं म्हणून.